जनावर किती अंतरावर आहे?

चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मर्सिडीज-बेंझ मोटारींचा कारखाना आहे. २१ मार्च २०२२ रोजीं पहाटे त्या कारखान्याच्या एका प्रशस्त शेडमध्यें बिबट्या शिरल्याचें कामगारांच्या दृष्टीस पडलें. काम थांबविण्यांत आलें, माणसें बाहेर काढण्यांत आलीं, आणि वनखात्याचे अधिकारी व जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राचें पथक तेथें येऊन दाखल झालें. सुमारें सहा तास खटपट चालली. शेवटीं गुंगीच्या औषधाचा बाण त्या जनावरास लागला, तें निपचित पडलें, आणि त्यास पिंजऱ्यांत घालून सुखरूप नेण्यांत आलें. माणसास इजा झाली नाहीं, जनावरहि वांचलें.

अशा प्रसंगाची हकीकत वाचतांना आपलें लक्ष बिबट्याच्या डरकाळीकडे आणि लोकांच्या धांदलीकडे जातें. परंतु ज्याच्या हातीं ती गुंगीची बंदूक असते, त्याच्या मनांत त्या वेळीं एक अगदीं साधा, शाळेंतल्या अंकगणितांत शोभेल असा प्रश्न घोळत असतो. समोरचें जनावर किती मीटरांवर आहे? पंचवीस कीं तीस? या एका उत्तरावर पुढचें सर्व अवलंबून असतें.

हा प्रश्न नवा नाहीं. शिकारीच्या दिवसांत मचाणावर बसणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्यापुढें तो असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळीं तर काळविटांच्या शिकारीसाठीं पाळीव चित्ते ठेवलेले असत. चित्ता फार वेगानें धांवतो, पण फार वेळ धांवूं शकत नाहीं. म्हणून त्यास गाडींतून कळपाच्या शक्य तितकें जवळ नेऊन मगच त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढीत. अंतराचा अंदाज चुकला कीं सर्व श्रम वायां जात. पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचे दिवस संपले. मचाणें गेलीं, हाकारे गेले, दुनळी बंदुका भिंतीवर गेल्या. अंतराचा प्रश्न मात्र गेला नाहीं. पूर्वी तो जनावरास मारण्यासाठीं सोडवीत, आतां तें वांचविण्यासाठीं सोडवावा लागतो, एवढाच फरक झाला.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत हा प्रश्न कां यावा, असें कोणी विचारील. त्याचें कारण नकाशा पाहतांच लक्षांत येतें. चाकण हें खेड तालुक्यांत, म्हणजे जुन्नर वनविभागाच्या हद्दींत आहे. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या चारहि तालुक्यांत धरणांचें पाणी कालव्यांनीं शेतांत पोंचलें, आणि जेथें पूर्वी बाजरी होत असे तेथें ऊस उभा राहिला. बारा महिने दाट सावली, जवळ पाणी, आणि वस्तींत कुत्रीं, शेळ्या व डुकरें. बिबट्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. उसाच्या फडांत त्याच्या पिढ्या वाढूं लागल्या. दुसऱ्या बाजूनें कारखाने, गुदामें आणि घरांच्या वसाहती त्याच शेतांच्या बांधापर्यंत येऊन ठेपल्या. अशा ठिकाणीं एखादे रात्रीं बिबट्या कुंपण ओलांडून आंत आला, तर त्यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. माणसाच्या डोळ्यास अंतर दिसतें काय? बहुतेकांस वाटतें कीं दिसतें. वास्तविक डोळा अंतर पाहत नाहीं. तो फक्त कोन पाहतो. एखाद्या वस्तूच्या वरच्या टोकापासून एक आणि खालच्या टोकापासून एक असे दोन किरण डोळ्यांत शिरतात, आणि त्यांमधील कोन जेवढा मोठा तेवढी ती वस्तु मोठी दिसते. वस्तु दुप्पट लांब गेली कीं ती निम्मी दिसते. पण निम्मी दिसणारी वस्तु लांब आहे कीं मुळांतच लहान आहे, हें डोळा सांगूं शकत नाहीं. तें मन ठरवितें. आणि मन ठरवितें तें पूर्वीच्या ओळखीवरून.

जवळच्या अंतरावर दोन डोळे एकमेकांस मदत करतात, हें खरें. दोन डोळ्यांत सुमारें साडेसहा सेंटिमीटर अंतर असतें, त्यामुळें जवळची वस्तु दोघांस किंचित निरनिराळी दिसते, आणि त्या फरकावरून तिचें अंतर कळतें. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवूं लागलें म्हणजे या मदतीची किंमत समजते. परंतु वस्तु जसजशी लांब जाते, तसतसा हा फरक कमी होत जातो. पन्नास-शंभर मीटरांवरील जनावराच्या बाबतींत तो इतका सूक्ष्म होतो कीं त्याचा फारसा उपयोग राहत नाहीं. तेथें ओळखीचाच आधार घ्यावा लागतो.

आणि ओळख फसवी असते. चिंकाऱ्याची खांद्यापाशीं उंची सुमारें ६५ सेंटिमीटर असते; गव्याची सुमारें पावणेदोन मीटर. त्यामुळें १०० मीटरांवरचा चिंकारा आणि सुमारें २७० मीटरांवरचा गवा हे डोळ्यांत सारखाच कोन करतात. सुप्याच्या माळावर चिंकारे पाहून डोळे तयार केलेला माणूस दाजीपूरच्या जंगलांत गेला, तर गवा त्यास आहे त्याहून पुष्कळच जवळ भासेल. नवख्या प्रदेशांत जाणकार शिकाऱ्यांचेहि बार फुकट जात, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

याच फसवणुकीचा दुसरा प्रकार आपल्या अगदीं दाराशीं घडतो. रानमांजराची उंची खांद्यापाशीं सुमारें ३५ सेंटिमीटर, आणि मोठ्या बिबट्याची सुमारें ७०. म्हणजे २० मीटरांवरून जाणारें रानमांजर आणि ४० मीटरांवरून जाणारा बिबट्या यांचा कोन एकच. तिन्हीसांजेला अंगावरचे ठिपके दिसत नाहींत, मधल्या गवताचा अंदाज येत नाहीं, आणि पाहणाऱ्याच्या मनांत बिबट्याची भीति आधींच बसलेली असते. मग मोशीच्या किंवा चिखलीच्या एखाद्या नव्या वसाहतींत “बिबट्या आला” अशी हांक उठते आणि सकाळीं ओल्या मातींत रानमांजराचे पंजे सांपडतात. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. खराच बिबट्या लांब असतांना रानमांजर समजला गेला, तर माणूस कंदील घेऊन पुढें जातो.

यांतून सुटण्याचा मार्ग जुन्या शिकाऱ्यांस ठाऊक होता. अंतरानें आकार बदलतो, पण प्रमाण बदलत नाहीं. बिबट्याची शेपटी त्याच्या धडाच्या निम्म्याहून अधिक लांब असते, आणि चालतांना तिचें टोंक वर वळलेलें दिसतें. रानमांजराची शेपटी आंखूड, पाय मात्र अंगाच्या मानानें उंच. दहा मीटरांवर काय किंवा शंभर मीटरांवर काय, हें प्रमाण तेंच राहतें. म्हणून आधीं प्रमाणावरून जनावर ओळखावें, मग त्याची खरी उंची आठवावी, आणि त्यानंतर अंतर ठरवावें. हा क्रम उलटा केला कीं चूक झालीच म्हणून समजावें.

प्रकाश व भूमि यांचाहि डोळ्यावर मोठा परिणाम होतो. सूर्य पाठीमागें असेल, पावसानें हवा स्वच्छ धुतली गेली असेल, जनावराचा रंग मागच्या रंगाहून अगदीं निराळा असेल, तर तें आहे त्याहून जवळ वाटतें. लांबच लांब सरळ रस्ता, पाण्याचा सपाट पृष्ठभाग, किंवा दृष्टीआड असलेली खोल घळ मध्यें असली तरीहि तसेंच होतें. इंद्रायणीच्या किंवा भामेच्या उंच दरडीवर उभें राहिलें, म्हणजे पात्र पायाखालीं लपतें आणि पलीकडचा कांठ हांकेच्या टप्प्यांत आल्यासारखा दिसतो. याच्या उलट, संधिप्रकाशांत, धुक्यांत, सूर्य डोळ्यांवर असतांना, किंवा जनावराचा थोडासाच भाग झुडपाआडून दिसत असतांना तें लांब वाटतें. भीमाशंकरच्या रानांत पावसाळी धुक्यांतून दिसलेलें सांबर दूर भासतें, आणि दोन पावलें टाकतांच समोर उभें असतें. दुरून डोंगर साजरे दिसतात ही म्हण सर्वांस पाठ आहे. पण ते दुरून जवळहि दिसतात, हें डोंगर चढूं लागल्यावरच कळतें.

तेव्हां नुसत्या डोळ्यावर विसंबून चालत नाहीं हें उघड झालें. मग उपाय काय? त्यांतले चार उपाय असे आहेत कीं त्यांस कोणतेंहि यंत्र लागत नाहीं, आणि ते कोणासहि शिकतां येतात.

पहिला उपाय पावलांचा. शंभर मीटर म्हणजे किती, हें प्रथम पायांनीं शिकावें. मोजलेल्या शंभर मीटरांवर आपलीं किती पावलें पडतात तें एकदां मोजून ठेवावें. मग वाटेनें जातांना समोरचें एखादें झाड किंवा दिव्याचा खांब पाहून अंदाज करावा, आणि पावलांनीं तो ताडून पाहावा. पंधरा दिवसांत डोळा पुष्कळ सुधारतो. लांबचें अंतर एकदम सांगण्यापेक्षां मध्यावर एखादी खूण धरून निम्म्याचा अंदाज करावा व त्याची दुप्पट करावी, म्हणजे चूक कमी होते.

दुसरा उपाय दोन टोंकांचा. जनावर कमींत कमी किती लांब असेल, आणि जास्तींत जास्त किती, हे दोन प्रश्न मनास निरनिराळे विचारावे. चाळीसाहून कमी नाहीं, ऐंशीहून अधिक नाहीं, असें उत्तर आलें तर साठ धरावे. अनेक माणसें असतील तर प्रत्येकानें आपला अंदाज दुसऱ्यास न सांगतां करावा, आणि सर्वांची सरासरी घ्यावी. एक गोष्ट मात्र विसरूं नये. सर्वांच्या पाठीमागें सूर्य असेल तर सर्वांचीच चूक एका दिशेची होते, आणि सरासरीनें ती जात नाहीं.

तिसरा उपाय अंगठ्याचा. हात सरळ पुढें ताठ करून अंगठा उभा धरावा, आणि प्रथम डावा डोळा मिटून, मग उजवा मिटून त्याच्याकडे पाहावें. अंगठा मागच्या दृश्यावर एका बाजूस सरकलेला दिसतो. डोळ्यापासून अंगठा सुमारें ६५ सेंटिमीटर, आणि दोन डोळ्यांमधील अंतर साडेसहा, म्हणजे दसपट. म्हणून अंगठा जेवढा सरकला तें अंतर दसपट केलें कीं समोरच्या वस्तूचें अंतर निघतें. नाशिकच्या रस्त्यावर एखादी मोठी प्रवासी बस आडवी उभी आहे, तिची लांबी सुमारें १२ मीटर आहे, आणि अंगठा तिच्या एका टोंकावरून बरोबर दुसऱ्या टोंकावर गेला, तर ती बस सुमारें १२० मीटरांवर आहे. कारखान्यांतील खांब सहा-सहा मीटरांवर असतील आणि अंगठा एका खांबावरून शेजारच्यावर गेला, तर ती रांग ६० मीटरांवर आहे.

चौथा उपाय पट्टीचा, आणि हा सर्वांत अचूक आहे. शाळेची साधी पट्टी डोळ्यापासून ६० सेंटिमीटरांवर धरावी. जनावराची उंची पट्टीवर एक सेंटिमीटर भरली, तर त्याचें अंतर उंचीच्या साठपट. अर्धा सेंटिमीटर भरली तर एकशेंवीसपट. बिबट्याची उंची ६० सेंटिमीटर धरली, तर पहिल्या वेळीं तो ३६ मीटरांवर असतो, दुसऱ्या वेळीं ७२ मीटरांवर. सैन्यांतील दुर्बिणींत ज्या बारीक रेघा असतात त्या याच त्रैराशिकानें चालतात. जनावर बसलेलें किंवा दबा धरलेलें असेल तर उंची फसवते, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

अंतरांत थोडी चूक झाली तर बिघडलें कोठें, असें वाटण्याचा संभव आहे. त्याचें उत्तर गुरुत्वाकर्षण देतें. नळींतून सुटलेली गोळी सरळ रेषेंत जात नाहीं. सुटल्या क्षणापासून ती पडूं लागते. सेकंदास ८०० मीटर वेगाची गोळी घेतली आणि हवेचा विरोध बाजूस ठेवला, तर १०० मीटरांत ती सुमारें ८ सेंटिमीटर पडते, २०० मीटरांत ३१, आणि ३०० मीटरांत ६९. अंतर दुप्पट झालें कीं पडणें चौपट होतें. शंभर मीटरांवर नेम जुळविलेल्या रायफलीनें तीनशें मीटरांवर तसाच बार टाकला, तर गोळी सुमारें हातभर खालीं जाते. हवेचा विरोध धरला तर त्याहूनहि खालीं. जनावर वांचलें तर ठीक; पण पाय मोडून जखमी झालेला बिबट्या किंवा वाघ पुढें माणसांवर येई, आणि एका शिकाऱ्याच्या चुकीची किंमत गांवास द्यावी लागे.

गुंगीच्या बाणाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. वनखात्याचे लोक त्यास डार्ट म्हणतात. तो म्हणजे औषध भरलेली, मागें झुबका असलेली एक पिचकारीच. ती दाबलेल्या वायूच्या जोरानें सुटते. गोळीच्या मानानें ती फार मंद असते. तिचा वेग सेकंदास ६० मीटर धरला, तर २० मीटरांत ती सुमारें ५४ सेंटिमीटर पडते आणि ३० मीटरांत १२२. आतां जनावर ३० मीटरांवर असतांना नेम २५ मीटरांचा धरला, तर बाण सुमारें २० सेंटिमीटर खालीं जातो. अंतर २५ असतांना ३० चा नेम धरला, तर तो सुमारें १७ सेंटिमीटर वर जातो. पांच मीटरांच्या चुकीस जवळजवळ एक वीत. बिबट्याच्या मांडीचा जो मांसल भाग साधावयाचा असतो, तो हाताच्या पंजाहून फारसा मोठा नसतो. त्याच्या वर पाठीचा कणा, आणि पुढें नाजूक पोट. एका वितीची चूक म्हणजे एक तर औषध फुकट, नाहीं तर जनावर जायबंदी.

शिवाय वायूचा दाब अंतराप्रमाणें कमीअधिक ठेवावा लागतो. लांबच्या अंतराचा दाब ठेवून जवळच्या जनावरावर बाण सोडला, तर तो इतक्या जोरानें आदळतो कीं स्नायु फाटतो, प्रसंगीं हाडहि दुखावतें. म्हणून अंतराचा प्रश्न केवळ नेमाचा नाहीं, जनावराच्या जिवाचाहि आहे. आणि एवढें साधल्यावरहि औषध चढावयास कांहीं मिनिटें जातात. तेवढ्या वेळांत तें कोठें जाईल आणि वाटेंत कोण असेल, याचा विचार आधींच झालेला असावा लागतो.

उंचावरून नेम धरतांना आणखी एक पेंच पडतो. मचाणावरून किंवा कारखान्याच्या उंच सज्जावरून खालीं पाहतांना डोळ्यापासून जनावरापर्यंत जी तिरपी रेषा दिसते, ती नेमासाठीं जशीच्या तशी धरावयाची नसते. बाण पडतो तो आडव्या अंतराच्या हिशेबानें. रेषा ३० मीटर लांब आणि ३० अंश उतरती असेल, तर हिशेबास सुमारें २६ मीटरच घ्यावयाचे. हें न कळल्यामुळें मचाणावरच्या नवशिक्याचा बार जनावराच्या पाठीवरून जात असे.

आतां यावर यंत्र निघालें आहे. लेसर किरण समोरच्या वस्तूवर आपटून परत येण्यास जो वेळ लागतो, त्यावरून हें रेंजफाइंडर क्षणांत अंतर दाखवितें. बिबट्यास बेशुद्ध करतांना अशा यंत्राची मोठी मदत होते. परंतु यंत्रहि ज्या वस्तूवर किरण पडला तिचेंच अंतर सांगतें. उसाचें एखादें पान, गवताची काडी किंवा कांचेचें तावदान मध्यें आलें, तर आंकडा त्या पानाचा येतो, बिबट्याचा नव्हे. तेव्हां आंकडा पाहून मनाच्या अंदाजाशीं ताडून पाहणारा माणूस पाठीमागें लागतोच. बारा मीटर असें यंत्रानें दाखविलें आणि डोळा तीस म्हणत असेल, तर थांबून पुन्हां पाहिलें पाहिजे.

या सर्वांहून उत्तम अशी एक युक्ति जुन्या शिकाऱ्यांजवळ होती, आणि ती आजहि तितकीच खरी आहे. मचाणावर बसणारा शहाणा शिकारी उजेड असतांनाच खालीं उतरून पावलें मोजी. हा दगड वीस पावलें, ती करवंदीची जाळी पस्तीस, ओढ्याची वळणाची जागा पन्नास. मग रात्रीं जनावर आलें म्हणजे त्यास अंदाज करावा लागत नसे. तें कोणत्या खुणेपाशीं आहे एवढेंच पाहावयाचें. कारखान्यासारख्या जागीं तर ही गोष्ट अधिकच सोपी आहे. तेथें खांब समान अंतरावर असतात, आणि त्यांचें माप नकाशावर लिहिलेलें असतें. जनावर तिसऱ्या खांबापाशीं आहे कीं चौथ्या, एवढें कळलें कीं अंतर कळलें. उघड्या शेतांत हा आधार नसतो, आणि म्हणूनच उसाच्या फडांतील काम कठीण.

येथपर्यंत बंदूक धरणाऱ्याचा विचार झाला. परंतु अशा प्रसंगीं बंदूक एकाच्या हातीं असते आणि पाहणारे शेंकडों असतात. त्यांच्या अंतराचा प्रश्न याहून मोठा आहे. ९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्याच्या कोथरूड भागांत महात्मा सोसायटीच्या परिसरांत एक गवा आला. पाहणाऱ्यांची गर्दी झाली, तिच्या गलक्यानें तो बिथरून तासन् तास धांवत राहिला, जखमी झाला, आणि बेशुद्ध करून पकडल्यावर थोड्याच वेळांत मेला. त्याच महिन्याच्या २२ तारखेस बावधन भागांत दुसरा गवा दिसला. या वेळीं लोकांस दूर ठेवण्यांत आलें, त्याची वाट मोकळी सोडण्यांत आली, आणि तो आपल्या पायांनीं रानाकडे निघून गेला. गव्याचा जीव लोकांनीं राखलेल्या अंतरानें वांचला.

बिबट्याच्या बाबतींत हा प्रश्न माणसाच्या जिवाशीं येऊन भिडतो. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत मुलेंहि होतीं. पुढें तो बिबट्या शोधून काढण्यांत आला. रात्रीच्या वेळीं सोडलेला गुंगीचा बाण लागला नाहीं, जनावर उलटून आलें, आणि नेमबाजांस गोळी घालावी लागली. ज्या घरांतील माणसें गेलीं त्यांचें दुःख कोणत्याहि हिशेबांत मावणारें नाहीं. पण बाण आणि गोळी यांमधला क्षण किती लहान असतो, हें या घटनेवरून कळतें.

तो क्षण मोजतांहि येतो. बिबट्या थोड्या अंतरापुरता ताशीं सुमारें ५५ किलोमीटर वेगानें धांवूं शकतो. म्हणजे सेकंदास सुमारें १५ मीटर. तीस मीटर म्हणजे त्याच्या हिशेबानें दोन सेकंद. माणसास धोका ओळखून वळावयासच एक सेकंद जातो. “चांगला लांब आहे” असें म्हणून जो पुढें सरकतो, तो किती मीटर पुढें गेला हें पाहतो. किती सेकंद गमावले हें पाहत नाहीं.

अलीकडे या चुकीत आणखी एका वस्तूनें भर घातली आहे. हातांतील मोबाईलचा कॅमेरा सामान्यतः विस्तृत दृश्य घेणारा असतो, त्यामुळें पडद्यावर जनावर लहान व म्हणून लांब दिसतें. चित्र मोठें यावें म्हणून माणूस पडद्याकडे पाहत पुढें पुढें जातो. त्याचा डोळा त्या वेळीं जनावर पाहतच नसतो. तो एक चित्र पाहत असतो, आणि चित्रास अंतर नसतें.

मग शहरांतील गृहस्थानें काय करावें? बिबट्या दिसल्यास दार लावून घ्यावें, मुलांस आंत घ्यावें, त्याची निघून जाण्याची वाट अडवूं नये, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. कळवितांना “इकडे कोठें तरी आहे” असें न सांगतां, फाटकापासून अमुक मीटरांवर, तमक्या खांबापाशीं, असें सांगतां आलें, तर येणाऱ्या पथकाचें निम्में काम तेथेंच होतें. त्यासाठीं जंगलांत जाण्याची गरज नाहीं. एखादे रविवारीं सकाळीं मुलांस बरोबर घेऊन आपल्या वसाहतीच्या फाटकापासून पाण्याच्या टांकीपर्यंत, टांकीपासून कुंपणापर्यंत पावलें मोजावीं. मुलांस आधीं अंदाज सांगावयास लावावा आणि मग मोजावयास. बहुतेक अंदाज चुकतील. मोठ्यांचे तर हमखास चुकतील. त्या चुकीची ओळख उजेडांत आणि हंसतखेळत होणें बरें. अंधारांत ती व्हावयाची वेळ कोणावर न येवो.